रेशनकार्डाचा रंग, विजेचे टप्पे आणि उत्पन्नाचा दाखला : घरखर्चातील सरकारी सवलती कशा चालतात

महाराष्ट्रातील एखाद्या कुटुंबाला घरखर्चासाठी सरकारकडून काय मिळू शकते, असे विचारले की उत्तरादाखल बहुधा योजनांची लांबलचक यादी हातात पडते. ती वाचून फारसे काही साधत नाही. योजनांची नावे बदलतात, रकमा वाढतात, अर्जांच्या मुदती येतात आणि जातात. त्यांच्यामागची व्यवस्था मात्र बरीच स्थिर आहे. जवळजवळ प्रत्येक सवलत रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला आणि आधारशी जोडलेले बँक खाते या तीन कागदांवर अवलंबून असते, आणि पात्र असूनही लाभ न मिळणाऱ्या घरांची अडचण बहुतेक वेळा यांपैकीच एखाद्या कागदात दडलेली असते. म्हणून सुरुवात कागदांपासून करू, आणि त्यातही सर्वाधिक गैरसमज असलेल्या रेशनकार्डापासून.

रंग आणि यादी

महाराष्ट्रात 1999 पासून तिरंगी शिधापत्रिकांची पद्धत आहे. वार्षिक 15,000 रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला पिवळी, त्याहून अधिक आणि 1 लाखापर्यंत उत्पन्न असलेल्याला केशरी आणि 1 लाखाच्या वर उत्पन्न असलेल्याला पांढरी पत्रिका दिली जाते. केशरी कार्ड म्हणजे स्वस्त धान्याचा हक्क, असे अजूनही अनेकांना वाटते. प्रत्यक्षात रंग ठरला तो 1999 च्या निकषांवर आणि धान्य मिळते ते 2013 च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याच्या यादीवर. हा कायदा राज्यात 1 फेब्रुवारी 2014 पासून लागू झाला. त्याखाली अंत्योदय कुटुंबे, म्हणजे गरिबांतलीही सर्वांत गरीब घरे, आणि प्राधान्य कुटुंबे असे दोनच गट आहेत. अंत्योदय कुटुंबाला घरात माणसे कितीही असली तरी दरमहा 35 किलो धान्य मिळते, तर प्राधान्य कुटुंबाला माणशी 5 किलो. पूर्वी तांदळाला किलोमागे 3 रुपये आणि गव्हाला 2 रुपये मोजावे लागत. 1 जानेवारी 2023 पासून हे धान्य पूर्णपणे मोफत आहे, आणि 1 जानेवारी 2024 पासून पुढील पाच वर्षे ते मोफतच ठेवण्याचा निर्णय केंद्र सरकारने घेतलेला आहे.

प्राधान्य कुटुंबासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात 44,000 रुपये आणि शहरी भागात 59,000 रुपये आहे. म्हणजे 80,000 रुपये उत्पन्न असलेल्या घराकडे रीतसर केशरी कार्ड असेल, पण ते प्राधान्य यादीत बसणार नाही. मात्र अधिक त्रासदायक बाब याच्या पुढची आहे. उत्पन्न मर्यादेत असूनही नाव यादीत जाईलच, याची खात्री नसते. कायद्याने राज्याला एकूण लाभार्थ्यांची कमाल संख्या ठरवून दिलेली आहे, जिला पुरवठा खात्याच्या भाषेत इष्टांक म्हणतात. महाराष्ट्राचा इष्टांक सुमारे 7 कोटींचा आहे, ज्यात ग्रामीण लोकसंख्येच्या 76.32 टक्के आणि शहरी लोकसंख्येच्या 45.34 टक्के लोक सामावतात, आणि ही लोकसंख्या 2011 च्या जनगणनेची आहे. तेव्हापासून शहरे किती फुगली हे सांगायला नको. एखाद्या तालुक्याचा इष्टांक भरलेला असेल तर नव्या कुटुंबाला जागा रिकामी होण्याची वाट पाहावी लागते. मृत व्यक्तींची, लग्न होऊन गेलेल्या मुलींची, दुहेरी नोंदलेली नावे वगळली गेली की जागा निघते. त्यामुळे तहसील कार्यालयात ‘सध्या जागा नाही’ असे उत्तर मिळाले, तर त्यातून आपण अपात्र ठरतो असा अर्थ काढू नये. अर्ज लेखी द्यावा, त्याची पोच घ्यावी आणि काही महिन्यांनी पुन्हा विचारणा करावी. तोंडी विचारून परत आलेल्या माणसाची कोठेही नोंद राहत नाही.

आपण नेमके कोणत्या गटात आहोत हे पाहणे सोपे आहे. जुन्या छापील कार्डावर ‘प्राधान्य कुटुंब’ किंवा ‘अंत्योदय’ असा शिक्का असतो. शिक्का नसेल किंवा पुसट झाला असेल तर कार्डाचा 12 अंकी ऑनलाइन क्रमांक दुकानदाराकडून घेऊन राज्याच्या शिधापत्रिका संकेतस्थळावर किंवा ‘मेरा रेशन’ या ॲपवर तपासता येते. तेथे घरातील कोणाकोणाची नावे आहेत आणि कोणाचे ई-केवायसी झाले आहे, हेही दिसते. ई-केवायसी म्हणजे प्रत्येक सदस्याने आधारशी आपली ओळख पडताळून देणे. ते राज्यातील कोणत्याही रास्त भाव दुकानात अंगठा लावून होते, आणि ज्यांच्या बोटांचे ठसे उमटत नाहीत त्यांना मोबाइलवर चेहरा दाखवून करता येते. वयस्कर माणसांचे आणि वर्षानुवर्षे मजुरी केलेल्यांचे ठसे झिजलेले असतात, त्यामुळे ही दुसरी सोय घरच्यांनी लक्षात ठेवावी.

नावांचे व्यवहार वेळच्या वेळी उरकणे हा कंटाळवाणा पण पैशाचा विषय आहे. धान्य माणशी मोजले जात असल्याने बाळाचे नाव चढवले नाही तर दरमहा 5 किलोंची घट होते. लग्न होऊन आलेल्या सुनेचे नाव आधी माहेरच्या कार्डातून कमी व्हावे लागते आणि मगच सासरच्या कार्डात चढते. ही दोन्ही टोके जुळवताना अनेक स्त्रिया वर्षभर कोणत्याच कार्डावर नसतात, आणि मग त्यांचे इतर अर्जही अडतात.

पोटासाठी गाव सोडणाऱ्यांना ठाऊक असायलाच हवी अशी आणखी एक तरतूद आहे. ‘एक देश एक रेशनकार्ड’ व्यवस्थेमुळे प्राधान्य आणि अंत्योदय गटातील कुटुंब देशात कोठल्याही रास्त भाव दुकानातून आपला वाटा उचलू शकते. बीडहून कोल्हापूर-सांगलीकडे उसाच्या तोडीला गेलेल्या जोडप्याने तिकडे आपल्यापुरते धान्य घेतले आणि गावी राहिलेल्या आजी-आजोबांनी उरलेला वाटा गावातच उचलला, तरी चालते. कार्ड बदलून घ्यावे लागत नाही.

यादीबाहेरच्या केशरी कार्डधारकांपैकी एका गटाला वेगळी मदत आहे. छत्रपती संभाजीनगर आणि अमरावती विभागांतील सर्व जिल्हे आणि वर्धा अशा 14 जिल्ह्यांतील केशरी कार्डधारक शेतकरी कुटुंबांना धान्याऐवजी रोख रक्कम थेट खात्यात दिली जाते. आरंभी ती माणशी दरमहा 150 रुपये होती, पुढे 170 करण्यात आली.

दुकानातून धान्य घेताना ई-पॉस यंत्राची, म्हणजे ज्यावर अंगठा लावतो त्या यंत्राची, छापील पावती मागून घ्यावी. तिच्यावर त्या महिन्याचा आपला पूर्ण वाटा आणि दिलेले धान्य लिहिलेले असते. तराजूवर काही कमी पडले तर हाती पुरावा राहतो.

दाखला आणि खाते

उत्पन्नाचा दाखला तहसीलदार देतात. अर्ज सेतू केंद्रात, आपले सरकार सेवा केंद्रात किंवा ‘आपले सरकार’ संकेतस्थळावर घरबसल्या करता येतो. नोकरदाराला पगारपत्रक किंवा आयकर विवरण जोडता येते, तर शेतकरी आणि मजूर यांच्या बाबतीत तलाठ्याचा अहवाल महत्त्वाचा ठरतो. अशा दाखल्यांच्या प्रतिज्ञापत्रांसाठी लागणारे 500 रुपयांचे मुद्रांक शुल्क राज्य सरकारने 2025 मध्ये माफ केले आहे. तरीही कोणी स्टॅम्पपेपर आणायला सांगितले, तर ते कोणत्या नियमानुसार हे विनयाने विचारावे. दाखला शक्यतो एप्रिलनंतर, नव्या आर्थिक वर्षात काढावा. जून-जुलैमध्ये शाळा-महाविद्यालयांच्या प्रवेशांची गर्दी उसळते आणि सेतूसमोरच्या रांगा रस्त्यावर येतात.

खात्याची गोष्ट थोडी तांत्रिक आहे. सरकारी रक्कम हल्ली बहुधा आधार क्रमांकाच्या आधारे जमा होते, आणि ती ज्या बँकेत आधार सर्वांत शेवटी ‘सीड’ झाले, म्हणजे सरकारी रक्कम घेण्यासाठी जोडले गेले, त्या खात्यात जाते. अर्जात लिहिलेल्या खात्याशी त्याचा संबंध असेलच असे नाही. त्यामुळे मोबाइल कंपनीच्या पेमेंट बँकेत सिमकार्ड घेताना नकळत उघडलेल्या खात्यात निराधार अनुदान महिनोन्‌महिने साचत राहिल्याची उदाहरणे गावोगाव सापडतात. आधारच्या संकेतस्थळावर ‘माय आधार’ विभागात आपले आधार कोणत्या बँकेशी सीड आहे हे पाहता येते. नको असलेली बँक दिसली, तर हव्या त्या बँकेत आधार सीडिंगचा अर्ज भरून द्यावा. नुसते आधार ‘लिंक’ करून भागत नाही. थेट लाभासाठी सीडिंग हवे, असे बँकेला स्पष्ट सांगावे.

महिन्याला येणारी रक्कम

थेट रोख मदतीतल्या दोन जुन्या योजना आजही सर्वाधिक गरजूंपर्यंत पोहोचतात. संजय गांधी निराधार अनुदान योजना 65 वर्षांखालील विधवा, परित्यक्ता, अपंग, दुर्धर आजाराने ग्रासलेले आणि निराधार यांच्यासाठी आहे. श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना 65 वर्षे आणि त्यावरील निराधार वृद्धांसाठी आहे. दोन्हींत दरमहा 1,500 रुपये मिळतात, आणि अपंग लाभार्थ्यांसाठी ही रक्कम 2025 मध्ये 2,500 करण्यात आली. अर्ज तहसील कार्यालयात होतो. अडसर असतो तो उत्पन्नाचा. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 21,000 रुपयांच्या आत असावे, अशी सर्वसाधारण अट आहे, म्हणजे महिन्याला 1,750 रुपये. अनुदानाची रक्कम वाढत गेली तरी ही मर्यादा तेथेच राहिली, आणि आजच्या मजुरीच्या दरात कष्ट करणारे कोणतेही घर प्रामाणिकपणे त्यात बसणे कठीण आहे. अपंगांसाठी मर्यादा 50,000 आहे. लाभ सुरू झाल्यावर दरवर्षी हयातीचा आणि उत्पन्नाचा पुरावा द्यावा लागतो. तो राहिला की पैसे थांबतात, आणि थांबल्याचे कोणी कळवत नाही.

जुलै 2024 पासून सुरू झालेली मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना 21 ते 65 वयाच्या, कुटुंबाचे उत्पन्न अडीच लाखांच्या आत असलेल्या स्त्रियांसाठी दरमहा 1,500 रुपयांची आहे. पिवळे किंवा केशरी कार्ड असलेल्यांना तिच्यात उत्पन्नाच्या दाखल्यातून सूट दिली गेली, म्हणजे धान्य न देणारे केशरी कार्डही अन्यत्र कामाला येते. नवे अर्ज घेण्याची मुदत ऑक्टोबर 2024 मध्ये संपली. लाभार्थी स्त्रियांनी ध्यानात घ्यावे ते असे, की दुसऱ्या सरकारी योजनेतून दरमहा 1,500 किंवा अधिक मिळत असतील तर हा लाभ मिळत नाही, आणि कमी मिळत असतील तर फरकाची रक्कम मिळते. दोन्हीकडून पूर्ण रक्कम घेतली तर पुढे वसुलीचा प्रश्न उभा राहू शकतो.

स्वयंपाकाच्या गॅसवर उज्ज्वला योजनेच्या जोडणीधारकांना 14.2 किलोच्या सिलिंडरमागे केंद्राकडून 300 रुपये अनुदान ठरलेल्या संख्येपर्यंत मिळते. त्यावर राज्याची मुख्यमंत्री अन्नपूर्णा योजना वर्षाला तीन सिलिंडर मोफत देते. ‘मोफत’ म्हणजे सिलिंडर घेताना पूर्ण किंमत भरायची आणि रक्कम नंतर खात्यात परत यायची. त्यामुळे येथेही खाते सीड असणे आवश्यक आहे. जोडणी स्त्रीच्या नावावर हवी आणि एका रेशनकार्डावर एकच लाभार्थी, या दोन अटींवर पुष्कळ अर्ज अडकले.

विजेचे बिल कसे वाचावे

महावितरणच्या घरगुती बिलात चार-पाच आकार असतात : स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि या सर्वांवर 16 टक्के वीज शुल्क. बचतीच्या दृष्टीने पहिले दोन महत्त्वाचे. वीज आकार टप्प्यांनी वाढतो. 100 युनिटपर्यंत एक दर, 101 ते 300 पर्यंत दुसरा, 301 ते 500 पर्यंत तिसरा आणि त्यापुढे चौथा. दुसऱ्या टप्प्याचा वीज आकार पहिल्याच्या दुपटीच्या आसपास असतो, म्हणून ‘शंभराच्या वर एक युनिट गेला की सगळे बिल दुप्पट’ अशी समजूत रूढ झाली आहे. तसे होत नाही. 130 युनिट वापर झाला, तर पहिल्या 100 युनिटना पहिलाच दर लागतो आणि केवळ वरच्या 30 ना दुसरा. पण याचा व्यावहारिक अर्थ नीट पाहावा. घरातला वापर 130 असताना वाचवलेला प्रत्येक युनिट हा महागातला युनिट असतो. जुना पंखा बदलून किंवा गीझरची वेळ कमी करून 20 युनिट वाचले, तर ते दुसऱ्या दराने वाचतात. महिन्याला 70 युनिट वापरणाऱ्या घराला त्याच काटकसरीतून निम्मेच पैसे सुटतात.

मीटरचे वाचन एखाद्या महिन्यात झाले नाही आणि पुढच्या वेळी दोन महिन्यांचा वापर एकत्र आला, तर टप्पेही दोन महिन्यांचे धरले गेले पाहिजेत, म्हणजे पहिला टप्पा 200 युनिटपर्यंत. बिलावरील मागील आणि चालू वाचनाच्या तारखा पाहिल्या की हे ताडून पाहता येते.

स्थिर आकार वापरावर अवलंबून नसतो. थ्री फेज जोडणीचा स्थिर आकार सिंगल फेजच्या तिपटीहून अधिक असतो. कधीकाळी पिठाच्या गिरणीसाठी किंवा मोटरीसाठी घेतलेली आणि आता केवळ दिवे-पंख्यांसाठी वापरात असलेली थ्री फेज जोडणी बदलून घेतली, तर दर महिन्याला काहीही न करता पैसे वाचतात. याचा उल्लेख बचतीच्या सल्ल्यांत क्वचितच आढळतो.

छोट्या सवलती अशा. बिल मुदतीच्या बऱ्याच आधी भरले तर 1 टक्का सूट, कागदी बिल नाकारून ई-बिल घेतले तर प्रत्येक बिलामागे 10 रुपये, ऑनलाइन भरण्यावर पाव टक्का. दारिद्र्यरेषेखालील ज्या घराचा वर्षभराचा वापर 360 युनिटच्या आत आहे, त्याला अगदी कमी दराचा वेगळा गट लागू होतो. स्मार्ट मीटर बसलेल्या घरगुती ग्राहकांना 1 जुलै 2025 पासून सकाळी 9 ते संध्याकाळी 5 या वेळेतील वापरावर युनिटमागे सवलत मिळते. पाण्याची मोटर, इस्त्री आणि धुलाई यंत्र त्या वेळेत चालवणे घरात कोणी असेल तरच जमते, हे उघड आहे.

ज्यांचे स्वतःचे छप्पर आहे आणि वापर महिन्याला 150 युनिटच्या वर आहे, त्यांनी छतावर सौरऊर्जेचा संच बसवण्यासाठीच्या केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेचा हिशोब मांडून पाहावा. पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी 30,000 रुपये आणि तीन किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या संचाला एकूण 78,000 रुपये अनुदान मिळते. एक किलोवॅटच्या संचातून महिन्याला साधारण 120 युनिट वीज निर्माण होते. आधी उर्वरित खर्च स्वतः किंवा कर्जाने करावा लागतो आणि अनुदान नंतर खात्यात येते, म्हणून भाड्याने राहणाऱ्यांना आणि हातावर पोट असणाऱ्यांना याचा उपयोग मर्यादित आहे.

दवाखान्याचा खर्च

घरखर्चाचा ताळेबंद एका झटक्यात उलटवणारा खर्च हाच असतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना पूर्वी मुख्यतः पिवळ्या-केशरी कार्डधारकांपुरती होती. 2023 मधील निर्णयाने ती पांढऱ्या कार्डासह राज्यातील सर्व कुटुंबांना खुली झाली, आणि कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण मिळाले. 70 वर्षांवरील नागरिकांना ऑक्टोबर 2024 पासून उत्पन्नाची अट न ठेवता आयुष्मान भारत योजनेखाली असेच संरक्षण स्वतंत्रपणे दिले गेले आहे. तरीही मर्यादा समजून घ्यावी. फुले योजना यादीतील ठराविक उपचारांना, योजनेत सहभागी असलेल्या रुग्णालयात आणि बहुतांशी दाखल होऊन घेतलेल्या उपचारांना लागू आहे. रक्तदाबाच्या रोजच्या गोळ्या तिच्यात येत नाहीत. त्यासाठी डॉक्टरांकडून औषधाचे मूळ नाव लिहून घेऊन जनऔषधी केंद्रात जाणे हा स्वस्त मार्ग आहे.

दाखल होण्यापूर्वी किंवा होताच रुग्णालयातील ‘आरोग्यमित्रा’ला भेटावे. रेशनकार्ड आणि ओळखपत्र पाहून तो पूर्वमंजुरीची प्रक्रिया सुरू करतो. आधी पैसे भरून मागाहून योजनेतून परत मागण्याची सोय सर्वसाधारणपणे नसते, म्हणून हा क्रम चुकवू नये. घाईत हेच राहून जाते. मदत क्रमांक 155388 आहे.

ज्यांचा उपचार यादीत नाही, त्यांनी रुग्णालय धर्मादाय आहे का ते विचारावे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम 41 एए नुसार आणि 2006 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मंजूर केलेल्या योजनेनुसार, अशा रुग्णालयांना 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. त्यासाठी उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे 1,80,000 आणि 3,60,000 रुपये आहे. पाटीवर मोठे नाव आणि चकचकीत दालन असलेली कित्येक खासगी रुग्णालये कायद्याने धर्मादाय असतात. तेथील समाजसेवा अधिकाऱ्याकडे उत्पन्नाचा दाखला देऊन अर्ज करावा. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या, म्हणजे जिल्हा, उपजिल्हा, ग्रामीण रुग्णालयांत आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांत, 15 ऑगस्ट 2023 पासून केसपेपरसह तपासण्या आणि उपचार निःशुल्क आहेत.

बाकीच्या सवलती थोडक्यात आटोपतात. एसटीत स्त्रियांना मार्च 2023 पासून अर्धे भाडे आहे, 65 ते 75 वयाच्या ज्येष्ठांना अर्धे, आणि 75 पूर्ण केलेल्यांना प्रवास मोफत. शिक्षण हक्क कायद्याखाली विनाअनुदानित खासगी शाळांत प्रवेशवर्गाच्या 25 टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांसाठी राखीव असतात. दुर्बल घटकासाठी उत्पन्न 1 लाखाच्या आत लागते. मालमत्ताकरात मुंबई महापालिका 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांना माफी देते, आणि पुण्यात मालक स्वतः राहत असलेल्या घराला 40 टक्के सवलत आहे. पुण्यात ती न मागता मिळेल असे धरून चालू नये. बिलावर सवलत दिसत नसेल तर पुराव्यासह पीटी-3 अर्ज भरावा लागतो.

अर्ज अडला तर

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम 2015 मध्ये लागू झाला. अधिसूचित सेवांना, म्हणजे उत्पन्नाच्या दाखल्यासारख्या कामांना, त्यात दिवस ठरवून दिलेले आहेत. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी ते 15 आहेत. मुदतीत काम झाले नाही किंवा कारण न देता नाकारले गेले, तर त्याच खात्यातील वरिष्ठाकडे 30 दिवसांच्या आत पहिले अपील करता येते, नंतर दुसरे, आणि शेवटी राज्य सेवा हक्क आयोगाकडे. विनाकारण विलंब लावणाऱ्या अधिकाऱ्याला 500 ते 5,000 रुपये दंड होऊ शकतो. वीजबिलाची तक्रार वितरण कंपनीच्या ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे आणि तेथे न मिटल्यास विद्युत लोकपालाकडे नेता येते, त्यासाठी वकिलाची गरज नसते. धान्याबाबत 1967 या क्रमांकावर किंवा जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे तक्रार करता येते. यादीत नाव असूनही ठरलेले धान्य दिले गेले नाही, तर अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम 8 नुसार राज्य सरकारने त्या व्यक्तीला अन्न सुरक्षा भत्ता द्यायचा असतो. त्यासाठी अर्जाची पोच आणि ई-पॉसच्या पावत्या जपून ठेवलेल्या असाव्या लागतात.